नागपूर ते न्यूयॉर्क: दिल्लीहून जायचं की दोहाहून?

आईला ताईकडे न्यूयॉर्कला पाठवायचंय, म्हणून दोन्ही रूट नीट पाहिले. अंतर पाहिलं तर दिल्लीच बरं, नागपूर-दिल्ली साडेआठशे किमी अन् पुढे जवळपास 11,750, म्हणजे एकूण 12,600. दोहाकडून आधी 2,800 अन् मग 10,750, हजारेक किमी जास्तच पडतात.

पण नुसत्या किमीवर जाऊ नका ना! एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने आपल्या विमानांना हवाई हद्द बंद केली तेव्हापासून एअर इंडियाची दिल्लीची फ्लाइट वळसा घालून जायला लागली, वेळ वाढला. जाताना समोरून वारा असतो त्यामुळे तसाही येण्यापेक्षा जायला जास्त वेळ लागतो. दोहा-न्यूयॉर्क साधारण 14 तास, आधीचे साडेचार धरा.

मला दोहाच पटलं. इमिग्रेशन सोनेगावलाच, म्हणजे नागपूरच्या विमानतळावरच होतं, आम्ही सोबत असतो, बॅगेला न्यूयॉर्कचा टॅग लागला की आई मोकळी. तिचे गुडघे दुखतात, दिल्लीत रात्री इमिग्रेशनच्या लाइनीत एकटी उभी राहील हे मला बघवत नाही. व्हीलचेअर तिकिटासोबतच सांगून ठेवा, अन् दोहाला मधे तीन तास तरी ठेवाच.