व्यसनमुक्ती ओपीडी, सरकारी रुग्णालय : पाचपैकी चार तारे, एक बाकड्यापायी कापला

रिव्ह्यू मी आजवर दोनच लिहिले, एक टायरचा आणि एक ढाब्याचा. हा तिसरा. ओपीडी कुठली ते सांगत नाही, तिथले निम्मे लोक मला ओळखतात.

वय ४१, धंदा टेंपोचा. २०१६ला घाटात टायर बदलताना कमरेत चमक भरली, एकाने ट्रॅमाडॉलची कॅप्सूल दिली. दुखणं गेलं, कॅप्सूल राहिली. मेंदूत ती अफूच्याच खुर्चीवर जाऊन बसते, हे फार उशिरा कळलं. २०१८मध्ये ती नार्कोटिक्सच्या कायद्यात आली, मेडिकलवाला चिठ्ठी मागायला लागला. मग मागच्या दाराने, तो म्हणेल त्या भावाने. नाही मिळाली की टर्की : नाक गळतंय, पाय ओढतायत, जांभया थांबत नाहीत.

आधी एका खाजगी केंद्रात २८ दिवस काढले. जेवण चांगलं, प्रार्थना वेळेवर, टीव्ही मोठा. निघताना सर्टिफिकेट दिलं. पण महिनाभर बंद ठेवल्यावर शरीराची सवय मोडते आणि जुना डोस पुन्हा घेतला तर श्वास थांबू शकतो, हे एकानेही सांगितलं नाही. घरी आल्यावर एका रात्री जास्तच घेतल्या. फिट आली, ॲडमिट केलं, कार्डावर ‘चुकून जास्त सेवन’ लिहिलं आणि घरी पाठवलं.

मग ही ओपीडी. केसपेपर काढून दुसऱ्या मजल्यावर गेलो, तिथे बाकड्यावर एका पोराने नऊ प्रश्नांचा कागद हातात दिला. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी, भूक कशी, कामात लक्ष लागतं का. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. नववा प्रश्न : मेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असं वाटलं का. एका बाजूला ही, म्हणजे बायको, बसलेली, दुसऱ्या बाजूचा अनोळखी माणूस माझ्या कागदात डोकावतोय. मी शून्यावर खूण केली. तिथे कोण तीनवर करेल? तारा कापलाय तो इथे. कागद चांगला, जागा चुकीची.

आत समुपदेशक मॅडमनी कागद पाहिला, मग ते जुनं डिस्चार्ज कार्ड पाहिलं, आणि हिला म्हणाल्या, "ताई, तुम्ही जरा चहा घेऊन या." दार लोटलं. मग मला, "दादा, त्या रात्री जास्त घेतल्यात, तेव्हा सकाळी उठायचं होतं का?"

मी पंख्याकडे बघत बसलो. मरायचंच असं ठरवलं नव्हतं. पण उठायचंच असंही काही नव्हतं. हे मधलं मी स्वतःशीही कधी बोललो नव्हतो. त्यांनी घाई केली नाही. मग एकेक विचारत गेल्या : हल्ली विचार येतात का, कसं करायचं ते डोक्यात आहे का, काही तयारी केलीय का, गेल्या तीन महिन्यांत काही केलंय का. लोक म्हणतात असं विचारलं की नसलेलं डोक्यात भरतं. अहो, माझ्या डोक्यात त्याचं दोन वर्षांपासून बिऱ्हाड होतं, फक्त दार कोणी वाजवलं नव्हतं.

पोलिसांत कळवणार का, हे मी पहिलं विचारलं. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरतात, उलटं सिद्ध झाल्याशिवाय शिक्षा नाही, असं त्यांनी सांगितलं. तेव्हा कुठे घशाखाली पाणी उतरलं.

मग माझ्याच अक्षरात एक कागद लिहून घेतला. बिघडायला लागलंय हे कशावरून कळतं (मी फोन सायलेंटवर टाकतो), तेव्हा काय करायचं, कोणाकडे जाऊन बसायचं, फोन कोणाला. मी मेव्हण्याचं नाव लिहिलं. आमचं दोन वर्षं बोलणं नव्हतं, त्याला सांगितलं तर तो बिचारा रडलाच. कागदाच्या मागे १४४१६, टेली मानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन. चोवीस तास, फुकट, मराठीत. एकदा रात्री अडीचला लावलाय. उचलतात.

औषध ब्युप्रेनॉर्फिन-नॅलोक्सोन. टर्की सुरू झाल्यावरच पहिली गोळी देतात, आधी घेतली तर टर्की एकदम अंगावर येते. जिभेखाली ठेवायची, गिळायची नाही, विरघळेपर्यंत बोलायचं नाही. ही म्हणते दिवसभरात घरात तेवढीच शांतता. घरी न्यायला थोड्याच गोळ्या मिळतात आणि त्या हिच्या कुलपात. आधी अपमान वाटला. आता किल्ली कुठे असते ते मी विचारत नाही.

नववा प्रश्न एकदाच विचारून सोडत नाहीत. डोस बदलला, एखादा आठवडा बुडाला, घरी वाजलं की मॅडम पुन्हा तेच विचारतात, दार लावून.

साडेआठच्या आत जा, बाराला खिडकी बंद होते. बाकड्यावर कागद दिला तर ‘आत गेल्यावर भरतो’ म्हणा, चालतं; नव्या लोकांना मी एवढंच सांगतो. आणि चहा बाहेरच्या टपरीवर घ्या, कॅन्टीनचा नको.