फोन बंद झाले आणि मला वाटलं कर्ज मिटलं

माझ्या भावाच्या ऑफिसात कोर्टाचं पत्र पोचलं, तेव्हा मला कळलं की माझ्याविरुद्ध हुकूमनामा, म्हणजे पैसे भरण्याचा कोर्टाचा निकाल, होऊन सहा महिने उलटलेत. ऑगस्ट २०२४ मधली गोष्ट. हेडक्लार्कने त्याला केबिनमध्ये बोलावून पत्र दाखवलं होतं: या महिन्यापासून पगारातून दहा हजार कापायचे. संध्याकाळी तो भर पावसात स्कूटर घेऊन आमच्याकडे आला, रेनकोट न काढताच सोप्यावर उभा राहिला आणि म्हणाला, "बाय, ते सेटलमेंट झालं होतं ना गं?"

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं वाटलं असतं. माझ्या कर्जाला तो जामीन राहिला होता, तेवढाच त्याचा गुन्हा.

आमचा खाज्यांचा, म्हणजे जत्रेत विकतात त्या गोड खाऊचा, धंदा. गोव्यात डिचोली तालुक्यात जत्रेच्या फेरीत आमचं दुकान लागतं. शिरगावची लईराईची जत्रा झाली की वर्षाचा बराच खर्च निघायचा. २०१८ साली मोठी कढई, मंडप आणि माल भरायला माझ्या नावावर बँकेतून तीन लाखांचं कर्ज काढलं. महिन्याला सहा हजार आठशेचा हप्ता. दोन वर्षं एकही चुकला नाही. मग मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं. जत्राच नाहीत तर खाजं कोण घेणार? रिझर्व्ह बँकेने तेव्हा सहा महिने हप्त्यांना सवलत दिली होती, पण ती पुढे ढकलण्याची सवलत होती, व्याज चालूच होतं. हे आम्हाला नंतर उमगलं. पुढे धडपडून पाच-सहा हप्ते भरले आणि खातं थकलं ते थकलंच.

त्यानंतर फोन सुरू झाले. सकाळी सहाला, रात्री दहाला. एकदा शेजारणीलाही फोन करून माझं कर्ज सांगितलं. वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचा नाही, कर्जदाराची अशी बदनामी करायची नाही, असे रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. मला ते ठाऊक असते तर पुढचा माणूस माझ्या आयुष्यात आलाच नसता. फोन वाजला की पोटात गोळा यायचा, आणि तो नेमका त्याच गोळ्यावर औषध घेऊन आला.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एका ओळखीच्या बाईने त्याचं कार्ड दिलं. कार्डावर 'कर्ज सल्लागार' असं छापलेलं. दुकानांच्या वरच्या मजल्यावर लहानशी खोली, टेबल, संगणक, भिंतीवर देवाचा फोटो. माझं सगळं ऐकून घेतलं, मध्ये बोलला नाही. मग म्हणाला, "वहिनी, पहिल्यांदा तुमचे फोन बंद करतो. बाकीचं नंतर बघू." बँकेत एक अर्ज दिला की फोन थांबतात, असं त्याने सांगितलं. मला नवीन सिम घ्यायला लावलं आणि जुनं सिम "बँकेशी बोलायला" म्हणून स्वतःकडे ठेवलं.

फोन खरंच थांबले! दोन वर्षांनी मी रात्रभर झोपले. आणि म्हणून पुढचं सगळं खरं वाटत गेलं. फोन थांबले कारण ते आता त्याच्या खिशात वाजत होते, ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. बँकेचे मेसेज आणि समजुतीने मिटवायला आलेले निरोप त्याच नंबरावर गेले असणार. बँकेशी माझा एक धागा उरला होता, तोही मी माझ्या हाताने त्याला दिला.

मग पैसे. पाच हजार फाइलचे. चाळीस हजार "बँकेत आधी भरायला". त्यासाठी मी माझ्या दोन पाटल्या विकल्या. पुढे सहा महिने पाच-पाच हजार. पुरुषमाणसांना भीती दाखवतात पैशाची, मला त्याने दाखवली अब्रूची: पैसे नाही भरले तर बाईमाणसाला पोलिस धरून नेतील, घरातली भांडीकुंडी आणि कढई जप्त करून नेतील. मी ज्या भीतीने पाटल्या विकल्या ती पूर्ण खोटी होती. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५६ मध्ये स्पष्ट आहे की पैशाच्या हुकूमनाम्यासाठी कोणत्याही स्त्रीला अटक करता येत नाही. आणि कलम ६० प्रमाणे अंगावरचे कपडे, गरजेची स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारं आणि धर्माच्या रिवाजाप्रमाणे जे बाईने काढून द्यायचं नसतं ते मंगळसूत्रासारखं लेणं जप्तीत जात नाही. हे वाचणाऱ्या प्रत्येक बाईने लक्षात ठेवावं म्हणून कलमांचे आकडे दिलेत.

डिसेंबर संपता संपता त्याने एक पत्र दिलं. बँकेचं नाव, चिन्ह, इंग्रजी मजकूर, खाली गोल शिक्का. म्हणाला, सेटलमेंट मंजूर झालं, आता हप्ते माझ्याकडे देत जा. आम्ही ते प्लॅस्टिकच्या फाइलीत घालून देवघराखालच्या खणात ठेवलं. पुढे मुलीने ते उघडून वाचलं तेव्हा तिची नजर तारखेवर गेली: १९ डिसेंबर २०२२. गोवा मुक्तिदिन! त्या दिवशी गोव्यात बँक बंद असते, शाळेतल्या पोरालाही ते माहीत. कर्जखात्याच्या नंबरात एक आकडाही कमी होता. त्या वेळी आम्ही पत्राकडे बघितलं, वाचलं नाही. आमचं घरातलं बोलणं कोकणीत, शाळा मराठी, आणि बँकेचा, कोर्टाचा सगळा कारभार इंग्रजीत. त्या फटीतूनच असली माणसं घरात शिरतात.

२०२३ च्या जुलैमध्ये बेलीफ, कोर्टाचे कागद पोचवणारा माणूस, आला. मी चुलीसमोर होते. गूळ-आल्याच्या पाकात शेव घोळायची वेळ, तेव्हा हात थांबवता येत नाही, पाक बसतो. त्याला थोडं थांबायला लावलं, मग पदराला हात पुसून सही केली. त्या कागदाला माझ्या बोटांचा गूळ लागला होता. एक समन्स, मागे दाव्याची जाड प्रत. बँकेने २,६१,०००चा दावा लावला होता, भाऊ दुसरा प्रतिवादी. दोन दिवसांनी तोही आपलं पाकीट घेऊन आला. "तुझंच काहीतरी आहे," म्हणाला, आणि न फोडताच माझ्या हातात दिलं. दोन्ही पाकिटं घेऊन मी कदंबाच्या बसने म्हापशाला गेले. फोटोसुद्धा काढून ठेवला नाही.

त्याने चाळून बाजूला ठेवलं. म्हणाला, ही जुनी प्रक्रिया आहे, वरून निघाली होती, सेटलमेंटची नोंद व्हायची आहे. तुम्ही कोर्टात उभ्या राहिलात तर सेटलमेंट रद्द होईल. वकील मी देतो, पंधरा हजार. वकालतनाम्यावर आमच्या दोघांच्या सह्या घेतल्या. आणि वर सांगितलं, "परत बेलीफ आला तर काही घेऊ नका, घेतलं नाही की समन्स लागू होत नाही."

याच्याइतकं घातक वाक्य नाही. समन्स नाकारलं तर कोर्ट ते मिळालं असंच धरतं, घर बंद असलं तर दारावर चिकटवून जातात आणि दावा पुढे चालतो. समन्स मिळाल्यापासून साधारण ३० दिवसांत लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला आपलं उत्तर, द्यायची असते, फार तर ९० पर्यंत मुदत मिळते. समरी सूट, म्हणजे झटपट चालणारा पैशाचा दावा, असला तर हजेरी नोंदवायला दहाच दिवस. त्याने माझ्याकडून एकंदर नव्वद हजार घेतले. पण मला जास्त जिव्हारी लागतात ते हे दिवस. पैसे परत कमावता येतील. ते दिवस त्याने गोड बोलून खाऊन टाकले, त्याला काही उपाय नाही.

भाऊ पत्र घेऊन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं डिचोलीच्या कोर्टात गेलो. म्हापशाचा फोन आधीच बंद होता. नंतर गेलो तर खोलीला दुसरंच कुलूप. कोर्टात एका शिपायाने, देव त्याचं भलं करो, आमची तोंडं बघून विधी सेवा समितीच्या वकीलबाईंकडे पाठवलं. त्यांनी फाइल काढून रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद, वाचून दाखवला. पहिली तारीख, प्रतिवादी गैरहजर. दुसरी, गैरहजर. तिसरी, गैरहजर. वकालतनामा कुठेच नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये एकतर्फी हुकूमनामा, मग बँकेची दरखास्त (हुकूमनाम्याप्रमाणे वसुली करून द्या असा अर्ज), मग भावाच्या ऑफिसला पगारजप्तीचा आदेश. त्या प्रत्येक तारखेला मी घरी होते. कोर्ट आमच्या घरापासून बसने वीस मिनिटं.

मी त्यांना फी विचारली. त्या म्हणाल्या, बाईमाणसाला मोफत आहे, उत्पन्न कितीही असो. १९८७ च्या विधी सेवा कायद्यातच तसं आहे. ज्या वकिलासाठी मी पंधरा हजार मोजले तो मला फुकट मिळायचा होता, तोही घराजवळ. हा आकडा लिहून ठेवा: १५१००. विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन आहे.

एकतर्फी हुकूमनामा रद्द करायचा अर्ज ३० दिवसांत करावा लागतो. समन्स मिळालंच नसेल तर कळल्यापासून ३० दिवस. पण माझी तर सही होती. उशीर माफ करण्याचा अर्ज करता आला असता, पण वकीलबाईंनी विचारलं, "कर्ज घेतलं होतं की नाही?" घेतलं होतं. ते मी तेव्हाही नाकारलं नसतं. मी पहिल्या तारखेला जाऊन हात जोडून एवढंच सांगितलं असतं की हप्ते बांधून द्या. आणि तो अधिकार हुकूमनामा करताना कोर्टाला असतो. एकदा हुकूमनामा झाला की हप्त्यांना बँकेची संमती लागते. म्हणजे जे मला कोर्टाकडे मागता आलं असतं, त्यासाठी आता बँकेच्या मनधरण्या.

भावाच्या पगाराचा हिशेबही तेव्हाच कळला. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच, १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८. बँकेने आधी माझ्याकडेच यावं असं बंधन नाही. सरकारी पगार हातात असताना ती दुसरीकडे कशाला जाईल? पगारातले पहिले १,००० आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडायचे, बाकीची जप्ती. त्याचा जप्तीसाठी धरलेला पगार ३१,०००. म्हणून महिन्याला १०,०००. एका हुकूमनाम्यासाठी हे जास्तीत जास्त २४ महिने चालतं. चार महिने कापले गेले. त्या वर्षी चवथीला त्याच्या घरी गणपतीवर फळांची माटोळी बांधली, मुलांना नवे कपडे आले नाहीत. वहिनीने त्याबद्दल मला शब्दाने विचारलं नाही, माझ्या ताटात नेवऱ्या मात्र आठवणीने वाढल्या.

पोलिसांत तक्रार दिली. घटना १ जुलै २०२४ च्या आधीची, म्हणून जुन्या दंड संहितेचं कलम ४२० लागलं. रोखीने दिलेल्या पैशाचा पुरावा काहीच नाही. पाच-पाच हजारांचे हप्ते गूगल पेवर दिले होते, तेवढीच नोंद सापडली, आणि तीही कुणा तिसऱ्याच माणसाच्या नावावर. तपास चालू आहे. पैसे परत आलेले नाहीत.

डिसेंबरातल्या लोकअदालतीत बँकेने २,२०,०००वर मान्य केलं. भावाचे कापलेले चाळीस हजार त्यातून वळते झाले, साठ हजार आम्ही उसने आणून भरले, उरलेले १,२०,००० आठ हजारांच्या पंधरा हप्त्यांत, आणि जप्ती उठली. यावेळी प्रत्येक पैसा थेट कर्जखात्यात, पावतीवर खात्याचा नंबर आकडा-आकडा तपासून. वकीलबाईंनी एक गोष्ट बजावली आहे: हुकूमनाम्यानंतर बँकेला परस्पर भरलेल्या पैशाची नोंद कोर्टात झाली नाही तर दरखास्तीत ते पैसे धरले जात नाहीत. म्हणून मी पावत्या घेऊन कोर्टात जाते. दाव्याची स्थिती ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर नावाने फुकट बघता येते, मुलीने ते माझ्या फोनमध्ये घालून दिलंय. तुमचं 'सेटलमेंट झालं' असं तिसरं कुणी सांगत असेल तर आज रात्रीच तिथे आपलं नाव घालून बघा, आणि उद्या शाखेत स्वतः जाऊन विचारा. आणि तुमचं सिम कुणाकडे असेल तर आधी ते परत आणा.

माझे तीन हप्ते राहिलेत. भावाचे चाळीस हजार मी वेगळ्या डब्यात साठवते आहे, आतापर्यंत अठरा झालेत.