खेड्यात राहून कॅनडासाठी ‘कॉमन-लॉ’ नातं सिद्ध करताना: कोणता कागद चालला, कोणता नाही

लग्न न करता एकत्र संसार करणाऱ्या जोडप्याच्या नात्याला कॅनडात ‘कॉमन-लॉ’ म्हणतात. त्या नात्यावर मला तिथला कायम वास्तव्याचा परवाना (पीआर) मिळावा म्हणून केलेली आमची फाइल कॅनडाच्या पोर्टलवर चढून बरेच महिने झाले. पोच आली, मुंबईला जाऊन बायोमेट्रिक्स झाले, मध्ये एकदा जास्तीचे पुरावे मागितले, तेही दिले. निकाल यायचा आहे. तरी कोणता कागद कामाचा आणि कोणता नुसतं ओझं, एवढं आता सांगू शकते. शहरातल्या जोडप्यांचे अनुभव पुष्कळ वाचायला मिळाले, पण समुद्रपूर तालुक्यातल्या लहान गावातून हे कसं करायचं ते कुठे सापडलं नाही.

मी इथलीच, शेतीत काम करणाऱ्या एका संस्थेत आहे. जोडीदार मूळ वर्ध्याचा, आता कॅनडाचा नागरिक. ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं कार्ड) इथे राहतो, कंपनीचं काम लॅपटॉपवर करतो. त्याच्या घटस्फोटाचा दावा नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात रेंगाळलाय. त्यामुळे “लगन करून टाका ना जी, एवढा कागदाचा पसारा काहून?” हा सल्ला कितीही प्रेमाचा असला तरी उपयोगाचा नव्हता. पहिलं लग्न कायद्यानं उभं असताना दुसरं करणं गुन्हा आहे.

इथल्या वकिलांनी सांगितलं, असं नातं कायद्यात बसत नाही. आपल्याकडच्या हिशेबानं ते बरोबर आहे. २०१० च्या वेलुसामी निकालात सर्वोच्च न्यायालयानं ‘विवाहासारख्या नात्या’साठी दोघंही लग्नाला कायद्यानं मोकळे असावेत अशी अट घातली. कॅनडाचा हिशेब वेगळा आहे. तिथे सलग किमान १२ महिने एकत्र राहून संसार केलेला असावा लागतो. एखाद्याचं आधीचं लग्न कागदावर शिल्लक असलं तरी चालतं, मात्र ते मोडून किमान वर्षभर ते नवरा-बायको वेगळे राहत असल्याचं दाखवावं लागतं. आम्ही घटस्फोट अर्जाची प्रमाणित नक्कल लावली. वकिलाच्या एका वाक्यावर फाइल बंद करू नका, एवढ्यासाठी हे लिहिलं.

संसार म्हणजे काय, हे अधिकारी कशावरून ठरवतो? कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९९ च्या ‘एम विरुद्ध एच’ निकालातले निकष आजही धरले जातात: एकाच छताखाली राहणं, एकमेकांशी वागणं, घरकामाची वाटणी, लोकांत मिसळणं, पैशाचा आधार, मुलं, आणि समाज तुम्हाला जोडपं मानतो का. शेवटच्या निकषात आपलं खेडं शहराला सहज मागे टाकतं. मुंबईतल्या फ्लॅटमध्ये शेजारच्याला नाव माहीत नसतं. इथे पहिल्याच आठवड्यात अख्ख्या गावाला आमची चूल कुठे पेटते ते ठाऊक होतं. घोडं अडतं ते पहिल्या आणि पाचव्या निकषावर, कारण खेड्यातल्या घरात कागद एकाच्याच नावानं असतो, आणि तो एक माणूस बहुधा वारलेला असतो.

आमच्या घराचं लाइट बिल घरमालक काकाजींच्या वडिलांच्या नावावर आहे. ते जाऊन कित्येक वर्षं झाली. घरटॅक्सची पावती आणि नमुना ८ (ग्रामपंचायतीचा घराचा उतारा) काकाजींच्या नावावर, गॅसचं कार्ड माझ्या नावावर. जोडीदार त्या घरात राहतो याचा पुरावा दारातली त्याची चप्पल, बाकी काही नाही. म्हणून पहिला कागद केला तो भाडेकराराचा. काकाजी हसले, “आपल्यात कशाचा करार जी?” पण सही केली. दोघांची नावं भाडेकरू म्हणून घातली आणि करार दुय्यम निबंधकाकडे नोंदवला. एक अडचण इथेच लक्षात घ्या. वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं १९०८ च्या नोंदणी कायद्यानं सक्तीचं असल्यामुळे आपल्याकडे ११ महिन्यांच्या कराराची पद्धत पडली. कॅनडाला हवेत १२. म्हणजे एका करारात वर्ष भरत नाही. खंड न पडता लगेच दुसरा करायचा.

त्या करारावर पुढचं सगळं उभं राहिलं. मागच्या १२ महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेल्या ओसीआयधारकाला आधार काढता येतं, ते गावच्या पत्त्यावर निघालं. तालुक्याच्या बँकेत मात्र जोडखात्यासाठी बराच वाद झाला. “साहेब परदेशी, मॅडम इथल्या, अन् लग्नाचा दाखला नाही” असं म्हणून शाखेनं टोलवाटोलवी केली. एनआरओ खात्यात (परदेशस्थांचं इथलं रुपयांतलं खातं) रहिवासी भारतीयाचं नाव ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीनं (व्यवहार पहिल्या खातेदाराचे, त्याच्यामागे दुसऱ्याचे) जोडता येतं, हे रिझर्व्ह बँकेच्या नियमात आहे. तो नियम छापून नेला तेव्हा काम झालं. तोवर माझ्या बचत खात्यावर त्याला नॉमिनी केलं होतं. बँकेचा नॉमिनी नात्यातलाच असावा असं बंधन नाही, आणि सांगितलं तर पासबुकावर नाव छापून देतात. एवढ्याशा छापील ओळीला मी पैकीच्या पैकी गुण देईन. फुकट, तारखेसह, आणि तिसऱ्यानं दिलेली.

ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला पाचपैकी दोन. ग्रामसेवक भाऊ भले, पण त्यांच्या छापील नमुन्यात ‘यांची पत्नी’ किंवा ‘यांचा मुलगा’ एवढंच बसतं. शेवटी दोघांचे वेगवेगळे दाखले एकाच घरक्रमांकावर घेतले. त्यापेक्षा अंगणवाडी ताई आणि शेजारच्या काकूंची प्रतिज्ञापत्रं वजनदार ठरली असं मला वाटतं. काकूंनी स्वतःहून लिहिलं की तो आजारी असताना प्राथमिक आरोग्य केंद्रात मीच नेलं, आणि केसपेपरवर घरचं माणूस म्हणून माझं नाव आहे. तो केसपेपर आम्हाला आठवतही नव्हता. तोही जोडला.

आयएमएम ५४०९ हा कॉमन-लॉ नात्याचा प्रतिज्ञालेख नोटरीसमोर करावा लागतो. हिंगणघाटच्या कोर्टाबाहेर नोटरी स्टॅम्पपेपर मागतील, मजकूर मराठीत टाइप करू म्हणतील. नम्रपणे सांगायचं: फॉर्म हाच, याच्यावरच सही-शिक्का.

भाषांतराचा खर्च आधीच धरून ठेवा. मराठी कागदाला इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतर, सोबत भाषांतरकाराचं शपथपत्र आणि मूळ कागदाची प्रमाणित प्रत लागते. घरातल्या माणसानं केलेलं चालत नाही, मग तो इंग्रजीचा प्राध्यापक का असेना. नागपुरात पानामागे पैसे घेतात, म्हणून जिथे इंग्रजी नक्कल मिळते तिथे तीच घ्यायची. बँकेचं स्टेटमेंट इंग्रजीत येतं, आधारवर दोन्ही भाषा असतात.

एका एजंटनं सुचवलं होतं की शेकडो फोटो आणि व्हॉट्सअॅपच्या गप्पांचे गठ्ठे द्या. कॅनडानं दिलेल्या कागदपत्रांच्या यादीतच फोटोंची मर्यादा २० आहे. आम्ही फोटो कमी आणि प्रसंग वेगळे असे निवडले: पोळ्याला काकाजींच्या बैलजोडीसोबत, माझ्या भाचीच्या बारशाला, कापूस वेचणीच्या दिवसांत शेतात, त्याच्या आईसोबत वर्ध्याला. नुसते दोघांचे सेल्फी वगळले.

जास्तीचे पुरावे मागितले ते नेमके पावसाळ्यातल्या महिन्यांचे, जेव्हा तो आईच्या ऑपरेशनसाठी वर्ध्याला होता. थोड्या काळाची तात्पुरती ताटातूट चालते, पण ती समजावून सांगावी लागते. दवाखान्याचे कागद, त्या काळातल्या जोडखात्यातल्या किराण्याच्या नोंदी आणि गावच्या पत्त्यावर आलेली त्याची स्पीड पोस्टची पाकिटं पाठवली. पोस्टमन दादांचे आभार.

तुमचा जोडीदारही तिथला नागरिक असून इथे राहत असेल, तर तुम्हाला पीआर मिळाल्यावर तो कॅनडात परत राहायला येणार हेही दाखवावं लागतं. शिवाय तीन वर्षं तुमचा खर्च उचलण्याची हमी तो देतो. पासपोर्ट कार्यालयाचं पोलीस क्लिअरन्स घाईनं काढू नका. तुम्ही राहता त्या देशाचं प्रमाणपत्र अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतलं लागतं. त्याच्या चौकशीला पोलीस जमादार घरी आले तेव्हा चहा घेऊन गेले, फारसं विचारलं नाही.

भाडेकराराची मुदत पुन्हा संपतेय. काकाजींची सही झाली की उद्या-परवा नोंदणीला जायचं आहे, कारण निकाल लागेपर्यंत नातं चालू असल्याचं कधीही विचारू शकतात.