हिमालयनला फॉग लाईट: एक पावसाळा आणि एक ऊस सीझन वापरून झाल्यावर

सरळ मुद्द्यावर येतो. बेळगाव भागात राहून रात्री-अपरात्री बाईकवरनं फिरणार असाल आणि एक्स्ट्रा लाईट लावायचे असतील तर लांब फेकणारे स्पॉट आधी घेऊ नका. खाली लावायचे, रुंद पसरणारे फॉग घ्या, आणि लाईट निवडताना जेवढं डोकं लावाल तेवढंच वायरिंगला पण लावा. मी माझ्या रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ ला २०-२० वॅटची एलईडी जोडी पावसाळ्याच्या तोंडावर बसवून घेतली, वर पिवळी कव्हर. आता साखर कारखाने बंद व्हायला आलेत, म्हणजे जांबोटी-कणकुंबीचं धुकं पण बघून झालं आणि निपाणी-चिकोडीकडच्या उसाच्या ट्रॉल्या पण, म्हणून आता लिहितोय.

वॅट किती घ्यायचे हे आधी गाडीला विचारायचं. या हिमालयनचा अल्टरनेटर, म्हणजे गाडीची वीज तयार करणारा भाग, २२० वॅटचा, त्यातनं हेडलाईटचा एच४ बल्ब लो बीमला ५५ आणि हायला ६० खातो, फ्युएल पंप, ईसीयू (इंजिनचा छोटा कॉम्प्युटर), इग्निशन, टेल लाईट सगळं त्यातच आणि वर मोबाईल चार्जर. एप्रिल २०१७ पासून नवीन गाड्यांना हेडलाईट बंद करायचा स्विचच नसतो त्यामुळे तो लोड दिवसा पण चालूच. शिवाय २२० हा आकडा इंजिन फिरत असताना, आयडलिंगला त्यापेक्षा बराच कमी येतो. म्हणून ४० वॅटची जोडी आरामात चालते. मी बॅटरीला व्होल्टमीटर लावून बघितलंय, दोन्ही लाईट चालू ठेवून जरा रेस दिली की १४ व्होल्टच्या आसपास दाखवतो, म्हणजे बॅटरी चार्ज होत राहते. ६०-६० वॅटची जोडी लावून ट्रॅफिकमध्ये उभं राहिलात तर बॅटरीतनं जायला सुरू होणार हे नक्की.

आता वायरिंग, आणि त्यात मुख्य म्हणजे रिले, छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. एका दुकानात मला सांगितलं, "रिले कशाला पायजे, हेडलाईटच्या वायरला डायरेक्ट मारतो की, दहा मिनिटात होतंय." मी तिथनं गाडी काढली आणि उद्यमबागेत एका वयस्कर वायरमनकाकांकडे गेलो, ते ट्रकचं पण काम करतात. कंपनीची हेडलाईटची वायर आणि हँडलचा स्विच तेवढ्याच करंटचा हिशेब करून दिलेला असतो, त्यावर जादा लोड टाकला की वायर तापते, कपलर (वायर जोडायचं प्लास्टिकचं कनेक्टर) पिवळा पडतो, मग वितळतो. रिले लावला की लाईटचा करंट बॅटरीतनं वेगळ्या जाड वायरनं जातो आणि स्विचमधनं फक्त रिलेच्या कॉईलपुरता, साधारण ०.१५ अँपिअर. चार पिना असतात: ३० ला बॅटरीची प्लस फ्यूजमधनं, ८७ वरनं लाईटला, ८६ ला स्विचमधनं आलेली, रिले चालू करणारी ट्रिगर वायर आणि ८५ ला अर्थ. ४० वॅट म्हणजे १२ व्होल्टला सव्वातीन अँपिअर, म्हणून ७.५ चा फ्यूज टाकला, आणि तो बॅटरीच्या प्लसपासनं वीतभर अंतरातच. फ्यूज लांब बसवला तर मधली वायर कुठंतरी घासून चेसिसला लागल्यावर तो काहीच वाचवू शकत नाही. अर्थ पण चेसिसच्या रंगावर बोल्ट आवळून नाही, सरळ बॅटरीच्या मायनसला नेली.

ट्रिगर इग्निशन ऑन झाल्यावर येणाऱ्या सप्लायवरनं घेतला आणि हँडलवर वेगळा स्विच. बरेच लोक हाय बीमच्या वायरवरनं घेतात, म्हणजे अपर मारला की एक्स्ट्रा लाईट लागतात. स्पॉटसाठी ते बरोबर आहे, फॉगसाठी उलटं. धुक्यात अपर मारलात की समोर पांढरी भिंत उभी राहते, तेव्हा तुम्हाला लो बीम आणि फॉग एवढंच पाहिजे असतं.

काकांनी एकही जोड सोल्डर केला नाही, सगळे क्रिंप करून, म्हणजे धातूच्या नळीत दाबून, वर आतनं गोंद असलेली हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवली. सोल्डर जिथं संपतो तिथं वायर कडक होते आणि सिंगल सिलिंडरच्या व्हायब्रेशननं बरोबर तिथंच तुटते, असं त्यांचं म्हणणं, आणि एवढ्या महिन्यात एकही जोड सुटला नाही म्हटल्यावर मला तर पटलंच. स्टिअरिंगच्या इथं वायर थोडी ढिली सोडून हँडल दोन्हीकडं पूर्ण वळवून बघितलं, सायलेन्सरच्या बेंडपाईपपासनं लांब ठेवली.

लाईट क्रॅश गार्डला खालच्या बाजूला आहेत, हेडलाईटपेक्षा चांगले दीडेक फूट खाली. धुक्यात याचाच सगळा फायदा. पिवळा उजेड धुकं कापतो म्हणतात, पण धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींपेक्षा कितीतरी मोठे असतात, सगळेच रंग सारखेच पसरतात. पिवळ्यानं डोळ्याला त्रास कमी वाटतो एवढं खरं, मला पण वाटतो. खरं काम करतो तो खालनं येणारा आणि वरनं सपाट कापलेला बीम, कारण तो तुमच्या नजरेच्या रेषेतल्या धुक्यावर पडतच नाही, रस्त्यावर पडतो. ऑगस्टमध्ये कणकुंबीच्या पुढं चोर्ल्याकडं जाताना लो बीम आणि हे दोन, एवढ्यावर कडेचा पांढरा पट्टा आणि पट्ट्याच्या पलीकडची गटार दोन्ही दिसत होतं, स्पीड तीसच्या आत ठेवून. धुक्यात स्पीड वाढवायला कुठलाच लाईट उपयोगाचा नाही हे पण तेवढंच खरं. आंबोलीच्या वळणांवर रुंद बीमचा आणखी एक फायदा कळला, हेडलाईट जिथं सरळ दरीकडं बघत असतो तिथं वळणाची आतली बाजू फॉगमुळे दिसते.

पण मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो घाटात नाही, संकेश्वर-निपाणी-चिकोडी पट्ट्यात, दिवाळीनंतर. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागं टेल लाईट नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं माखलेला, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. त्याच्याबरोबर बीडकडनं तोडीला आलेल्या लोकांच्या बैलगाड्या, पहाटे चारला काळोखात, गाडीत बाया-पोरं झोपलेली. समोरनं गाडी आली की तिच्या उजेडात डाव्या कडेची बैलगाडी दिसतच नाही. रिफ्लेक्टर स्वतःहून चमकत नाही, आपला उजेड त्याच्यावर पडून आपल्याकडं परत यावा लागतो, आणि हेडलाईटचा लो बीम साईडपट्टीपर्यंत पुरत नाही. रुंद फॉगनं ती पूर्ण डावी कड भरते. बैलाचे पाय दिसतात, चाक दिसतं, वेळेत दिसतं. माझ्यासाठी या एका गोष्टीत पैसे वसूल झाले. आणि समोरच्याला पण आपले तीन दिवे त्रिकोणात दिसतात, एकट्या दिव्यापेक्षा किती लांब आहोत, किती जोरात येतोय याचा त्याला अंदाज येतो.

त्यासाठी लाईट खाली मारलेले पाहिजेत. भिंतीपासनं २५ फुटांवर गाडी स्टँडवरनं काढून सरळ धरायची, वर एक माणूस बसवायचा, बीमची वरची कड लाईटच्या उंचीपेक्षा चार इंच खाली आली पाहिजे. मागं माणूस आणि सामान घेऊन जाणार असाल तर तेवढं वजन टाकून परत बघा, मागचा सस्पेन्शन दबला की बीम वर उठतो आणि समोरच्याच्या डोळ्यात जातो. आपल्या सिंगल रोडवर समोरच्या टू-व्हीलरवाल्याला दोन सेकंद काही दिसलं नाही तर तो कुठं जाईल विचार करा, माझी कळकळीची विनंती आहे हे करा. कर्नाटक पोलिसांनी जुलै २०२४ पासून डोळे दिपवणाऱ्या लाईटवर केसेस घालायला सुरुवात केलीय, आणि वेंगुर्ला रोडनं गेलात तर शिनोळीला महाराष्ट्र लागतो, तिथं पण अडवू शकतात. गावात शिरताना मी बंदच करतो.

आता काय बिघडलं ते. पावसाळ्यात डाव्या लाईटच्या काचेत आतनं पाणी धरलं. थोडी वाफ धरून चालू केल्यावर जात असेल तर चालतं, यात थेंब साचून राहिले, म्हणजे सील गेलं. डबीवर आयपी ६७ लिहिलेलं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवला तरी आत पाणी जायला नको. वॉरंटीत बदलून मिळाला पण बरेच फोन करायला लागले, म्हणून बिल आणि डबी टाकू नका. हँडलवरचा स्विच पण पाणी जाऊन आत हिरवा झाला, रिले असल्यामुळे जळला नाही, नुसता अडकायला लागला. तो काढून रबर बूटवाला बसवला. ब्रॅकेटबरोबर आलेले बोल्ट गंजले, त्यांच्या जागी स्टेनलेस स्टीलचे बोल्ट आणि नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेले) घातले, साधे नट व्हायब्रेशननं ढिले होतात आणि लाईट हळूहळू मान वर करतो, तुम्हाला कळत पण नाही.

एलईडीच्या काचेवर चिखल वाळून बसतो. रामनगर-अनमोडच्या लाल मातीत तासाभरात निम्मा उजेड जातो, मी टँक बॅगेत ओलं फडकं ठेवतो. मागच्या बाजूच्या फिन्समधला चिखल पण काढा, एलईडीची गरमी तिथनंच बाहेर जाते. काढताना प्रेशर वॉशर जवळनं मारू नका, ब्रश पुरतो.

सीटखाली ७.५ चे दोन फ्यूज आणि एक रिले जादा ठेवलाय. अजून लागलेला नाही, पण खानापूर सोडल्यावर रात्री कुठलं दुकान उघडं नसतं.