मशीन बंद ठेवून आतली फाइल दुरुस्त करणं: व्हर्ट-एडिट आणि गेस्टफिश आठ महिने वापरल्यावर

गेल्या हंगामात, दिवाळीच्या चार दिवस आधी, जिनिंगमधून मुनीमजींचा फोन आला. "भाऊ, काट्याचं कॉम्प्युटर उठूनच नाही राह्यलं. बाहेर अकरा ट्रॅक्टर उभे हायेत. पावती कशी देऊ?"

मी तेव्हा घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावी, तुरीच्या वावरात होतो. जिनिंग तिथून तीस किलोमीटर. मोबाइलला रेंजची एकच दांडी, तीही धुऱ्यावरच्या बाभळीखाली उभं राहिलं तर. त्या दिवशी जे काम पंधरा मिनिटांत झालं, त्यामुळे व्हर्ट-एडिट आणि गेस्टफिश, म्हणजे बंद व्हर्च्युअल मशीनच्या (कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या कॉम्प्युटरच्या) डिस्कमधल्या फायली बाहेरून बदलायची साधनं, माझ्या रोजच्या कामात आली. आता आठ महिने झाले, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी मांडणी सांगतो. मी एका जिनिंगचे, एका पतसंस्थेचे आणि एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या लॅबचे कॉम्प्युटर सांभाळतो. जिनिंगमध्ये ऑफिसच्या मागच्या खोलीत एक साधा टॉवर आहे: १६ जीबी रॅम, डेबियन लिनक्स, त्यावर केव्हीएम, म्हणजे लिनक्समधली व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय. त्याच्या पोटात तीन व्हर्च्युअल मशीन चालतात. वजनाच्या पावत्यांचा डेटाबेस एका डेबियन मशीनवर, हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजवर आणि तिसरं किरकोळ कामांसाठी. प्रत्येक मशीनची अख्खी डिस्क म्हणजे टॉवरवरची क्यूकाउ-टू या प्रकारची एक फाइल.

झालं असं होतं की बॅकअपसाठी जोडलेली जादा डिस्क मी आदल्या आठवड्यात काढून घेतली, पण पावत्यांच्या मशीनच्या एफएसटॅब फाइलमधली (सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्याची यादी) तिची ओळ तशीच राहिली. रात्री लाइन गेली, सकाळी मशीन पुन्हा सुरू झालं, नसलेल्या डिस्कची दीड मिनिट वाट बघत बसलं आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये गेलं. त्या अवस्थेत एसएसएच, म्हणजे दुरून आज्ञा देण्याची वाट, सुरूच होत नाही. रूटचा (सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याचा) पासवर्ड कन्सोलवरच, म्हणजे मशीनच्या स्वतःच्या पडद्यावर, टाकावा लागतो आणि एका दांडीच्या रेंजवर कन्सोलचं चित्र फोनवर येता येत नाही. बाहेरचा टॉवर मात्र उत्तर देत होता, आणि अक्षरांपुरतं एसएसएच तेवढ्या रेंजवरही चालतं.

मी ते मशीन टॉवरवरून पूर्ण बंद केलं. मग व्हर्ट-एडिटला मशीनचं नाव आणि एफएसटॅबचा रस्ता दिला. आठ-दहा सेकंदांनी फाइल नॅनो एडिटरमध्ये समोर उघडली. त्या ओळीपुढे हॅश टाकून ती निष्क्रिय केली, सेव्ह केलं, बाहेर पडलो, मशीन चालू केलं. मुनीमजींचा लगेच फोन: "आलं भाऊ, आलं!"

मधे एकदा रेंज तुटली होती, तरी बिघडलं काही नाही. व्हर्ट-एडिट फाइलची प्रत बाहेर काढून ती एडिटरमध्ये उघडतो. सेव्ह करून बाहेर पडेपर्यंत डिस्कमधल्या मूळ फाइलला हात लागत नाही. शिवाय मी टीमक्समध्ये (जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणारा प्रोग्रॅम) होतो, त्यामुळे रेंज आल्यावर तोच पडदा परत मिळाला. आमच्या भागात टीमक्सशिवाय दूरचं काम करू नये, असं माझं ठाम मत आहे.

हे सगळं लिबगेस्टएफएस या लायब्ररीच्या जिवावर चालतं. रेड हॅटच्या रिचर्ड जोन्स यांनी २००९मध्ये ती सुरू केली. तिची रीत समजून घ्या, कारण पुढची सगळी खबरदारी त्यावरूनच येते. तुम्ही डिस्कची फाइल दिली की लायब्ररी स्वतःचं एक छोटंसं लिनक्स मशीन क्यूईएमयू या कॉम्प्युटरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उभं करते आणि तुमची डिस्क त्याला जोडते. त्या छोट्या मशीनमध्ये एक डेमन (मागे चालणारा प्रोग्रॅम) बसलेला असतो. तो आतली फाइल सिस्टिम (डिस्कवरची फायलींची मांडणी) माउंट करतो, म्हणजे वापरासाठी उघडतो, आणि आपण बाहेरून 'ही फाइल दे, ती फाइल घे' एवढंच त्याच्याशी बोलतो. आपल्या टॉवरचा कर्नल (सिस्टिमचा गाभा) त्या फाइल सिस्टिमला स्वतः शिवत नाही. त्यामुळे रूट न होताही काम होतं आणि आतली फाइल सिस्टिम खराब असली तरी त्याची झळ टॉवरला लागत नाही. ते आठ-दहा सेकंद जातात ते हे छोटं मशीन उभं राहण्यात. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद असेल तर हेच काम रेंगाळतं. कॉलेजमधल्या एका जुन्या मशीनवर मला दीड मिनिट थांबावं लागलं होतं.

आधी मी हेच काम क्यूईएमयू-एनबीडीने, म्हणजे डिस्कची फाइल थेट टॉवरला जोडणाऱ्या साधनाने, करायचो. एनबीडी मॉड्यूल चढवायचं, डिस्कची फाइल त्याला जोडायची, पार्टिशन माउंट करायचं, काम झालं की उलट्या क्रमाने सगळं सोडायचं. मोठ्या फायली हलवायच्या असतील तर ते आजही वेगवान आहे. पण त्याला रूट लागतो, परक्या डिस्कची फाइल सिस्टिम थेट टॉवरच्या कर्नलपुढे येते, आणि आत एलव्हीएम (डिस्कची जागा गटांत वाटायची पद्धत) असेल व दोन्हीकडच्या व्हॉल्यूम ग्रुपचं नाव एकच असेल तर गोंधळ होतो. शिवाय माउंट सोडायच्या आधीच लाइन गेली तर? आमच्याकडे हा प्रश्न आठवड्यातून दोनदा उभा राहतो. म्हणून एनबीडी आता माझ्याकडे शेवटचा उपाय आहे.

आता या आठ महिन्यांतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ती माझ्या हातून बिघडली, आणि कोणी वेळेवर सांगितलं असतं तर वाचलो असतो.

चालू मशीनच्या डिस्कवर बाहेरून लिहायचं नाही, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आतला कर्नल त्याच्या मेमरीतल्या माहितीवर विसंबून असतो. आपण खाली डिस्क बदलली की त्याच्या हिशेबातली डिस्क आणि खरी डिस्क यांचा मेळ तुटतो आणि फाइल सिस्टिम फाटते. साधनंही याबाबतीत सावध आहेत. लिबव्हर्टमधलं (व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्या व्यवस्थेतलं) नाव देऊन चालू मशीन लिहायला उघडलं तर नकार मिळतो. थेट डिस्कची फाइल दिली तरी क्यूईएमयू अडवतो, कारण २०१७च्या २.१० आवृत्तीपासून तो डिस्कच्या फाइलवर कुलूप धरून ठेवतो.

पण मी यूपीएससाठी एक स्क्रिप्ट लिहिली होती. लाइन गेली आणि बॅटरी उतरत आली की तिन्ही मशीनना मॅनेज्ड-सेव्ह करायचं, म्हणजे त्यांची मेमरी जशीच्या तशी डिस्कवर ठेवून द्यायची, आणि टॉवर बंद करायचा. जानेवारीत एका संध्याकाळी असंच झालं. लाइन आल्यावर मी टॉवर चालू केला आणि व्हर्श या लिबव्हर्टच्या आज्ञेने मशीनची यादी पाहिली. पावत्यांच्या मशीनपुढे 'शट ऑफ' लिहिलेलं. बंद आहे असं समजून मी व्हर्ट-एडिटने डेटाबेसच्या सेटिंगमधली एक ओळ बदलली. कोणी अडवलं नाही, कारण मशीन चालू नव्हतं आणि कुलूपही नव्हतं. मग ते सुरू केलं, तर ते जुन्या मेमरीसकट जागं झालं. त्याच्या डोक्यात संध्याकाळची डिस्क, प्रत्यक्षात बदललेली डिस्क. रात्रभर ते तसंच लिहीत राहिलं. सकाळी दहाला ईएक्सटी-फोरच्या (त्या मशीनच्या फाइल सिस्टिमच्या) चुका लॉगमध्ये दिसू लागल्या आणि फाइल सिस्टिम वाचनमात्र झाली. पावती निघेना.

आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून निभावलं. पण मधल्या दिवसाच्या नोंदी गेल्या. मुनीमजी आणि मी काट्याच्या पावत्यांची स्थळप्रत समोर घेऊन रात्री अकरापर्यंत सगळ्या गाड्यांचं भरलेलं वजन, रिकामं वजन, कापसाचा भाव पुन्हा टाकत बसलो. ज्या माणसाने वर्षभर राबून कापूस आणला त्याच्या वजनाची नोंद माझ्या एका ओळीमुळे जावी, याचं मला फार वाईट वाटलं.

तेव्हापासूनचा शिरस्ता असा. व्हर्शची यादी नेहमी मॅनेज्ड-सेव्हच्या पर्यायासह बघतो, तेव्हा असं मशीन 'शट ऑफ'ऐवजी 'सेव्ह्ड' दिसतं. सेव्ह्ड असेल तर आधी ते जागं करून आतून नीट शटडाउन करतो. जागंच होत नसेल तर साठवलेली मेमरी काढून टाकतो. ते वायर उपटण्यासारखंच आहे, पण ईएक्सटी-फोरचं जर्नल (बदलांची आगाऊ नोंद) ते झेलतं. आणि यूपीएसच्या स्क्रिप्टमधून मॅनेज्ड-सेव्ह काढून साधं शटडाउन घातलं.

दुसरी सवय म्हणजे मूळ डिस्कला थेट हात न लावणं. क्यूईएमयू-इमेजने मूळ फाइलवर एक पातळ थर बनवतो. डिस्क ४० जीबीची असली तरी हा थर सुरुवातीला दोनशे केबीच्या आसपासच असतो. बदल थरावर करायचा, मशीन थरावरून चालवून बघायचं, दोन दिवस नीट चाललं तर मशीन बंद करून थर मूळ फाइलमध्ये कमिट करायचा, नाहीतर थर पुसून टाकायचा. एका ओळीच्या बदलासाठी एवढं कशाला, असं वाटेल. जानेवारीनंतर मला तसं वाटत नाही.

फक्त बघायचं असेल तर व्हर्ट-कॅट, व्हर्ट-एलएस, व्हर्ट-डीएफ आणि व्हर्ट-लॉग निर्धास्त वापरा. ते डिस्क वाचनमात्र उघडतात, म्हणून चालू मशीनवरही चालतात, क्वचित अर्धवट माहिती दिसते इतकंच. व्हर्ट-लॉगने न उठणाऱ्या मशीनचं सिस्टिमडी जर्नल (सिस्टिमची नोंदवही) बाहेरून वाचता येतं. माझी निम्मी दुखणी तिथेच सापडतात. गेस्टफिशचं मात्र तसं नाही. एका बैठकीत दहा फायली बघायच्या, दोन बदलायच्या, एखादी फोल्डर टार करून बाहेर काढायची, यासाठी तो उत्तम आहे. पण वाचनमात्रचा पर्याय दिला नाही तर तो डिस्क लिहिण्याच्या मोडमध्येच उघडतो. मी वाचनमात्रसाठी वेगळं उपनाव करून ठेवलंय आणि हाताला तेच लावलंय.

लॅबचं काम वेगळ्या तऱ्हेचं, आणि तिथे व्हर्ट-कस्टमाइझने मला जिंकलं. विद्यार्थ्यांसाठी बारा सारखी मशीन हवी होती. एक मूळ डिस्क घेतली, तिच्यात मशीन चालू न करताच टाइमझोन एशिया-कोलकाता केला, पासवर्ड घातला, लोहित देवनागरी फॉन्ट टाकला आणि तिच्यावर बारा थर बनवले. कॉलेजचं इंटरनेट म्हणजे माझाच मोबाइल, म्हणून पॅकेजेस आधी पेनड्राइव्हवर आणली, आत कॉपी केली आणि आतल्या आत बसवली.

इथे दोन ठिकाणी ठेच लागली. मशीन-आयडी (मशीनचा ओळख क्रमांक) सगळ्यांची एकच राहिली, त्यामुळे डीएचसीपीने (आयपी पत्ते वाटणारी सोय) चार मशीनना एकच आयपी दिला. मशीनच्या ओळखीच्या खुणा पुसणाऱ्या व्हर्ट-सिसप्रेपने ती पुसली. पण त्याने एसएसएचच्या होस्ट-की (मशीनची ओळख पटवणाऱ्या किल्ल्या) पण पुसल्या, आणि डेबियन त्या आपणहून पुन्हा बनवत नाही, म्हणून पहिल्या सुरुवातीला त्या बनवायची एक आज्ञा आत ठेवावी लागली. आणखी एक पथ्य: थर बनवल्यावर खालच्या मूळ डिस्कला हात लावायचा नाही. एक अक्षर बदललं तरी वरचे बाराही थर खराब होतात. मी त्या फाइलची लिहिण्याची परवानगीच काढून टाकली आहे.

विंडोजबद्दल थोडक्यात. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज खऱ्या अर्थाने बंद होत नाही, एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टिम) अर्धवट झोपलेली राहते आणि बाहेरून लिहिता येत नाही. आधी फास्ट स्टार्टअप बंद करा. आतल्या टेक्स्ट फायलींच्या ओळींचा शेवट वेगळा असतो, तोही सांभाळा. रजिस्ट्रीसाठी (विंडोजच्या सेटिंगचा साठा) व्हर्ट-विन-रेग आहे, पण जिनिंगच्या हिशेबाच्या मशीनवर ते लिहिण्यासाठी वापरायची माझी हिंमत नाही.

तक्रारी आहेतच. पतसंस्थेच्या सर्व्हरवर उबुंटू आहे. तिथे कर्नलची फाइल फक्त रूटला वाचता येते, म्हणून साध्या वापरकर्त्याने काहीच सुरू होत नाही, आणि जी चूक दिसते तिच्यावरून कारण कळत नाही. माझा अख्खा रविवार गेला. त्या फाइलला वाचनाची परवानगी दिल्यावर चाललं, पण कर्नल बदलला की पुन्हा तेच. डिस्कची फाइल आपल्या होम फोल्डरमध्ये असेल तर कधी लिबव्हर्टच्या परवानग्या आडव्या येतात, तेव्हा बॅकएंड (छोटं मशीन कसं उभं करायचं तो पर्याय) 'डायरेक्ट' केला की मार्ग निघतो. अडलात तर सगळ्यात आधी लिबगेस्टएफएस-टेस्ट-टूल चालवा आणि त्याच्या शेवटच्या वीस ओळी वाचा. आणि कर्नल अपडेट झाल्यावर पहिल्या वेळी छोटं मशीन नव्याने बांधलं जातं, तेव्हा वेळ लागतो. घाबरून कंट्रोल-सी दाबू नका.

मेमध्ये पारा पंचेचाळिसावर जातो तेव्हा मागच्या खोलीतला टॉवर दुपारी बंदच ठेवावा लागतो. त्यामुळे बदलाची सगळी कामं मी रात्री नऊनंतर घेतो, मशीन तसंही तेव्हा बंद करता येतं. आता हंगाम संपलाय. गाठी गेल्या, जिनिंग शांत आहे. दसऱ्याच्या आत पावत्यांचं मशीन नव्या डेबियनवर न्यायचंय. मूळ डिस्कवर थर चढवून परवाच सुरुवात केली. मुनीमजींनी कागदी स्थळप्रतीचं पुस्तक या वर्षीही छापायला टाकलंय, आणि ते मीच त्यांना सांगितलं.