जांभ्याच्या भिंती आणि पॉवरलाइन अडॅप्टर: उन्हाळा-पावसाळा वापरून झाल्यावर

खोक्यावर १३०० एमबीपीएस छापलंय, माझ्या टेबलावर ८० ते ९० मिळतात, आणि तरीही पॉवरलाइन अडॅप्टरची ही जोडी मी काढणार नाही.

घर रत्नागिरीजवळ, जुनं, कौलारू. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, दीड फुटाच्या. फायबर पडवीत येतं, राउटर तिथेच, आणि माझं ऑफिसचं काम माळ्यावरच्या खोलीत. मधे ओटी, माजघर आणि लाकडी तक्तपोशी. वायफायची जेमतेम एक काडी वर पोचायची आणि मीटिंगमधे समोरच्याचा आवाज तुटायचा. आधी वाशांवरून लॅन केबल नेली होती, ती उंदरांनी ठेवली नाही. म्हणून घरात आधीच असलेल्या विजेच्या तारांवरून इंटरनेट नेणारी ही वस्तू घेतली.

काम सोपं आहे. एक अडॅप्टर राउटरजवळच्या सॉकेटमधे, दुसरा माळ्यावर. दोघांनाही लॅन केबल जोडायची, पेअरचं बटण दाबायचं, झालं. विजेची ५० हर्ट्झची लाट जिथे वाहते त्याच तारेवर हे अडॅप्टर २ मेगाहर्ट्झच्या पुढचा सिग्नल चढवतात. एव्ही२ या अडॅप्टरच्या नंतरच्या मानकात तो ८६ मेगाहर्ट्झपर्यंत जातो. पेअरचं बटण मात्र टाळू नका. कारखान्यातून सगळ्यांचा पासवर्ड एकच येतो आणि सिग्नल मीटरपाशी थांबेलच असं नाही, तो शेजाऱ्याच्या घरातही पोचू शकतो. बटण दाबलं की तुमच्या जोडीची स्वतःची १२८ बिटची किल्ली तयार होते.

आता खरा विषय, वायरिंग. पाण्याच्या पंपामुळे आमच्याकडे थ्री फेज आहे. पडवी लाल फेजवर, माळा निळ्यावर. अशा वेळी सिग्नलला थेट तार मिळत नाही. शेजारून गेलेल्या तारांमधून जेवढा पाझरेल तेवढाच पुढे जातो. सुरुवातीला वर १२-१५ एमबीपीएस यायचे, तेही मधेच शून्य. वायरमनला बोलावून डीबीमधे (जिथून घरातल्या सगळ्या लाइनी फुटतात त्या पेटीत) माळ्याचं सर्किट लाल फेजवर घेतलं. त्याने आधी तिन्ही फेजवरचा लोड तपासला, मग बदल केला. त्याच संध्याकाळी वेग ८० च्या वर गेला. अडॅप्टर तेच, सॉकेट तेच. म्हणून कोणी मला कंपनीचं नाव विचारलं की मी आधी विचारतो, तुमच्याकडे फेज किती आणि दोन्ही खोल्या कुठल्या फेजवर आहेत? फेज बदलायचं काम वायरमनकडूनच करून घ्या, स्वतः हात घालू नका.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. एव्ही२ मधले मायमो (एकाच वेळी एकाहून जास्त रस्त्यांनी सिग्नल पाठवणं) असलेले अडॅप्टर फेज-न्यूट्रलबरोबर अर्थच्या तारेचाही रस्ता वापरतात. जुन्या घरांत सॉकेटला तीन भोकं असतात आणि मागे तारा दोनच असतात, हे कोकणातच काय, पुण्याच्या वाड्यांतही दिसेल. आमच्या माळ्यावर तिसरी तार होती. नसती तर अडॅप्टर चालला असता, पण त्या दुसऱ्या रस्त्याशिवाय. दोन पिनांचे अडॅप्टर तो रस्ता वापरूच शकत नाहीत, म्हणून घेताना पिना मोजा.

स्पाइक गार्डच्या एक्स्टेंशन बोर्डात अडॅप्टर लावू नका. त्या बोर्डातला फिल्टर नेमका हाच सिग्नल गोंगाट समजून खातो. थेट भिंतीतल्या सॉकेटमधे लावा. शेजारच्या सॉकेटमधला स्वस्त मोबाइल चार्जरही त्रास देतो. माझा चार्जर खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेल्यावर कॉल लगेच सुधारले. खाली मिक्सर फिरला की वेग निम्म्यावर येतो आणि थांबला की परत चढतो.

वीज गेल्यावर काय? कोकणात पावसाळ्यात हा प्रश्न रोजचा. राउटर आणि दोन्ही अडॅप्टर इन्व्हर्टरच्या लाइनवरच हवेत, नाहीतर एक टोक मेलं की सगळं बंद. आमचा इन्व्हर्टर साइन वेव्हचा आहे, त्यावर वेग ५० च्या आसपास राहतो. कामाला तो पुरतो.

आणि पुरतो म्हणजे खरोखर पुरतो. आमचा प्लॅनच १०० चा आहे. माळ्यावरून राउटरपर्यंत पिंग, म्हणजे सिग्नल जाऊन परत यायला लागणारा वेळ, ३-४ मिलिसेकंदांवर स्थिर असतो, वायफायवर तो कधी ५, कधी २०० व्हायचा. दिवसभर मीटिंगा करणाऱ्याला मोठ्या आकड्यापेक्षा हा स्थिरपणा हवा असतो. या उलट ज्यांना ३००-५०० चा प्लॅन पूर्ण वापरायचाय त्यांनी कितीही खटपट झाली तरी पाइप टाकून केबल ओढावी. खोक्यावरचा आकडा दोन्ही दिशांचा मिळून, कागदावरचा कच्चा वेग असतो, आणि एकच तार सगळे अडॅप्टर वाटून घेतात. ६०० लिहिलेल्या बऱ्याच मॉडेलांचा लॅन पोर्टच १०० चा असतो, तेव्हा पोर्टची माहिती वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

आमचे अण्णा रात्री शॉर्टवेव्ह लावतात. अडॅप्टरच्या जवळ रेडिओवर घरघर येते, कारण तो पट्टा याच सिग्नलच्या हद्दीत आहे. मीडियम वेव्ह आणि एफएम त्या हद्दीबाहेर असल्याने स्वच्छ ऐकू येतात. आता त्यांचा रेडिओ अंगणाकडच्या खिडकीत असतो, बॅटरीवर.

मे महिन्यात वळवाचा गडगडाट सुरू झाला की मी दोन्ही अडॅप्टर काढून ठेवतो आणि लॅन केबलही सोडवतो. भिंतीत थेट लावलेल्या वस्तूला स्पाइक गार्डचं संरक्षण नसतं, आणि विजेचा झटका केबलवाटे राउटर-लॅपटॉपपर्यंत पोचू शकतो.

विकत घेताना परत करण्याची मुदत बघा. त्या मुदतीत वेग मोजायचा तो दुपारच्या शांततेत नको. संध्याकाळी पंखे, दिवे, टीव्ही, पंप सगळं चालू असताना मोजा.