हात मशीनवर रंग बदलताना: दाणा ओतत राहायचं, पर्ज कंपाउंड घ्यायचं की बॅरल उघडायचा?

दिवाळीच्या किल्ल्यासाठी मावळे काढायचे म्हटलं की चार रंग लागतातच. घोडे पांढरे, झेंडे भगवे, झाडं हिरवी, तोफा काळ्या. वागळे इस्टेटमधल्या एका ओळखीच्या गाळ्यात, पोटमाळ्यावर, माझं हात मशीन आहे. उभं, साधं: बॅरल नावाच्या तापवलेल्या नळीत प्लास्टिकचा दाणा वितळतो, आणि हँडल ओढून प्लंजर, म्हणजे दट्ट्या, दाबला की तो साच्यात जातो. ठाणे, कळवा, ऐरोलीकडे हौस म्हणून असं मशीन घेतलेले जे जे भेटतात, त्यांचा महिनाभरात एकच प्रश्न येतो: रंग बदलताना बॅरल साफ कसा करायचा? पर्याय तीन-चारच आहेत आणि प्रत्येकाचा कोणीतरी कट्टर समर्थक आहे. मी सगळे वापरून पाहिलेत. त्यातला कुठला कोणाला परवडेल ते सांगतो.

एका संध्याकाळी मी काळ्या किचेनचे शॉट मारले (एकदा हँडल ओढलं की एक शॉट) आणि लगेच त्याच बॅरलमध्ये पांढरा दाणा भरला. पहिले घोडे करडे आले, ते अपेक्षितच होतं. दहाव्या-बाराव्या घोड्यापासून रंग पांढरा दिसायला लागला, म्हणून मी मोजून साठ घोडे काढले. दुसऱ्या दिवशी उन्हात पाहिले, तर निम्म्याहून जास्त घोड्यांच्या पोटावर केसाएवढी काळी रेघ होती. ट्यूबलाइटखाली ती दिसलीच नव्हती.

ही रेघ येते कुठून, ते कळलं की पुढची निवड सोपी होते. माझ्या बॅरलचं भोक 25 मिमी आहे. वितळलेलं प्लास्टिक वाहताना मधोमध वेगाने सरकतं आणि भिंतीला लागून जवळजवळ थांबलेलं असतं. नवा रंग मधून बोगदा काढत निघून जातो, जुना भिंतीला चिकटून राहतो. हा चिकटलेला थर फक्त अर्धा मिमी जाड धरला, तरी भोकाच्या क्षेत्रफळाचा जवळपास 8 टक्के भाग त्यात जातो. म्हणजे 40 ग्रॅमच्या बॅरलमध्ये 3 ग्रॅम जुना रंग. तो एकदम सुटत नाही, पुढच्या प्रत्येक शॉटमध्ये थोडा थोडा उतरतो. स्क्रूच्या मशीनमध्ये फिरणारा स्क्रू भिंत बरीच खरवडून काढतो. आपला प्लंजर फक्त ढकलतो. शिवाय बॅरलमध्ये टॉर्पेडो असेल, म्हणजे माल भिंतीकडे पसरवणारा तो मधला तुकडा, तर त्याच्या मागे रंग दडायला आणखी एक कोपरा मिळतो.

म्हणून साफसफाईच्या कुठल्याही पद्धतीला मी एकच प्रश्न विचारतो: ही भिंतीपर्यंत पोहोचते का?

आधी दोष ओळखा

अनेक जण बॅरल स्वच्छ असूनही किलोभर दाणा वाया घालवतात, कारण दोष जुन्या रंगाचा नसतोच. रेघ जुन्या रंगाची असेल तर बॅरल मळलेला आहे. रेघ नव्याच रंगाची, कुठे गडद कुठे फिकी असेल, तर मास्टरबॅच, म्हणजे दाट रंगाचा दाणा, नीट मिसळलेला नाही. प्लंजरचं मशीन मिसळण्याचं काम करतच नाही. नॅचरल, म्हणजे बिनरंगी, दाण्यात 2 ते 4 टक्के मास्टरबॅच हाताने कालवून टाकला तर कितीही साफ केलं तरी ढग येणार. अशा वेळी एकसारखा रंग हवा असेल तर आधीच रंगवलेला कंपाउंड दाणा घ्या. किंवा ड्राय कलरची पूड वापरा: पिशवीत दाण्याला दोन-चार थेंब लिक्विड पॅराफिन चोळायचं, मग पूड टाकून चांगलं घुसळायचं. प्रत्येक दाण्यावर रंग बसतो, त्यामुळे प्लंजरच्या मशीनवर ही पूड मास्टरबॅचपेक्षा जास्त एकसारखा रंग देते. मात्र पूड हॉपरला, हाताला, प्लंजरच्या टोकाला सगळीकडे लागते आणि पुढच्या रंगाच्या वेळी त्रास देते. ज्यांना रोज रंग बदलायचाय त्यांनी पूड टाळावी.

आपल्याकडच्या पावसाळ्यात आणखी एक फसवणूक होते. एबीएस जातीचं प्लास्टिक हवेतला ओलावा धरतं. न वाळवता वापरलं तर तुकड्यावर चंदेरी रेघा उमटतात आणि त्या फिक्या जुन्या रंगासारख्या दिसतात. एबीएस 80 अंशांवर दोन ते चार तास वाळवा, रेघा जातील. पीपीला, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनला, हे लागत नाही. आणि रेघ नसून काळे ठिपके असतील, तर तो बहुतेक वेळा जळलेला माल असतो. बॅरल भरलेला असताना लाइट गेली, मग पुन्हा तापवलं, की ते हमखास येतात.

नॅचरल दाणा ओतत राहणं

सगळ्यात सोपं, म्हणून सगळे इथूनच सुरू करतात. वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही, काही उघडावं लागत नाही, भाजण्याचा धोकाही इतर पद्धतींपेक्षा कमी. पण ही पद्धत भिंतीपर्यंत फार हळू पोहोचते. पिवळ्यावरून भगव्यावर जाताना मला तीन भरण्या (एक भरणी म्हणजे बॅरलभर दाणा) पुरतात. भगव्यावरून पांढऱ्यावर येताना आठ भरण्या, म्हणजे 300 ग्रॅमच्या वर दाणा घातला, तरी कडेला गुलाबीसर झाक होतीच. काळ्यावरून पांढऱ्यावर या पद्धतीने मी आता जातच नाही.

ती सुधारायची एक युक्ती आहे. पातळ वाहणाऱ्या इंजेक्शन ग्रेडऐवजी एचडीपीई या प्लास्टिकचा ब्लो ग्रेड वापरा, ज्याचे कॅन आणि डबे फुगवतात तो. त्याचा मेल्ट फ्लो 1 च्याही खाली असतो, म्हणजे वितळूनही तो घट्ट असतो आणि भिंतीवरचा पातळ थर सोबत ओढून नेतो. हँडलला जोर जास्त लागतो. शेजारच्या गाळ्यातल्या ऑपरेटर मामांनी मला हे शिकवलं आणि वर बजावलं, की नंतर दोन भरण्या साध्या पीपीच्या मारायच्याच. एचडीपीई आणि पीपी एकजीव होत नाहीत, घोड्याचा पाय पापुद्र्यासारखा सुटतो. मामांचं म्हणणं खरं आहे, मी तसे पाय सुटलेले पाहिलेत.

पर्ज कंपाउंड

बॅरल साफ करण्यासाठीच बनवलेला हा माल. कारखानदार मंडळी याचीच शिफारस करतात आणि त्यांच्या मशीनसाठी ते बरोबरही आहे. यात दोन जाती. एक घासणारी, तिच्यात खनिज किंवा काचेची भर असते. दुसरी रासायनिक, जी तापली की फेसाळते, फुगते आणि कोपऱ्यांत शिरते. घासणाऱ्या जातीला वेग आणि दाब लागतो. हाताच्या हँडलने तो मिळत नाही, आणि बॅरलच्या टोकाच्या नोझलचं भोक दोन-तीन मिमीचं असेल तर अडकण्याचीही भीती. त्यामुळे हात मशीनसाठी घ्यायचंच तर रासायनिक घ्या. बॅरल भरायचा, पाकिटावर लिहिलेला वेळ थांबायचं, मग नॅचरल दाण्याने बाहेर ढकलायचं. ते फुगत असल्याने भिंतीपर्यंत खरंच पोहोचतं.

अडचण वेगळीच आहे. हे कंपाउंड दाण्याच्या काही पट महाग आणि साधारणपणे मोठ्या गोणीत मिळतं. हौशी माणसाला वर्षाला दोन-तीन किलोही लागत नाही. पाकीट उघडल्यावर ओल धरू नये म्हणून जपावं लागतं. सॅम्पल मिळालं तर अवश्य वापरा, पण त्यासाठी गोणी घेऊ नका. स्क्रूचं छोटं टेबलटॉप मशीन असेल तर माझं मत उलट आहे. तिथे स्क्रूच्या टोकाच्या चेक रिंगमध्ये, म्हणजे माल मागे येऊ न देणाऱ्या कड्यात, रंग अडकतो, स्क्रू बाहेर काढणं हे अर्ध्या दिवसाचं काम, आणि कंपाउंड त्या मानाने स्वस्त पडतं. रबाळे, महापेकडे कोणी ओळखीचा मोल्डर असेल तर चार-पाच जणांनी मिळून त्याच्याकडून किलो-किलो घ्यावं.

नोझल उघडून ब्रश मारणं

माझी पसंती हीच. प्लंजरच्या मशीनवर भिंतीला प्रत्यक्ष हात लावणारी ही एकमेव पद्धत आहे. बॅरल आरपार सरळ असतो, हा आपल्या साध्या मशीनचा मोठा फायदा.

क्रम असा. आतला माल होईल तेवढा बाहेर मारायचा. पीपी असेल तर तापमान 200 च्या आसपास असू द्यायचं, कारण थंड बॅरलमधून काहीच निघत नाही. मग मेन स्विच बंद. फक्त कंट्रोलरचं बटण बंद करून भागत नाही. हीटर बँडचं इन्सुलेशन कुठे फाटलेलं असेल तर आत घातलेल्या धातूच्या ब्रशमधून शॉक बसू शकतो. चामड्याचे हातमोजे, तोंडावर शील्ड. नोझल पान्याने सोडवायचं आणि लोखंडी ट्रेमध्ये ठेवायचं. प्लंजर वर काढून घ्यायचा. पितळी तारेचा ब्रश वरून खाली, फिरवत, चार-पाच वेळा. नंतर पितळी सळीला सुती चिंधी घट्ट गुंडाळून आरपार ढकलायची. पहिल्या चिंधीवर जुन्या रंगाची साय येते, अगदी दुधावरची निघावी तशी अखंड. तिसरी चिंधी जवळजवळ कोरी निघते. ती साय म्हणजेच तो अर्धा मिमीचा थर. ब्रश आणि सळी पितळेचीच हवी. पोलादी ब्रशने भिंतीला ओरखडे पडतात आणि पुढचा रंग त्या ओरखड्यांतच घर करतो.

नोझलचं भोक तांब्याच्या तारेने साफ करा, पण मशीनला लावलेलं असताना कधीही त्यात डोकावू नका. परत बसवताना त्याची बैठक पुसून घ्या. चिकटलेला एक कण राहिला तरी तिथून माल गळतो. आट्यांना कॉपर ग्रीस लावा आणि बॅरल पुन्हा तापल्यावर शेवटचा पीळ द्या.

हे सगळं मला वीस मिनिटांत जमतं, सुरुवातीला पाऊण तास लागायचा. त्यानंतर नॅचरलच्या दोन भरण्या, की काळ्यावरून पांढरा स्वच्छ. खर्च ब्रशचा आणि चिंध्यांचा. नोझलच्या आट्या झिजतात, हा दीर्घकालीन तोटा आहे. धोका मात्र चारही पद्धतींत इथेच सर्वांत जास्त. घरात लहान मुलं असतील आणि मशीन फ्लॅटच्या बाल्कनीत असेल, तर मी ही पद्धत सुचवणार नाही.

दुसरा बॅरल

महिन्यातून पाच-सहा वेळा रंग बदलत असाल तर लेथवाल्याकडून दुसरा बॅरल करून घ्या. वागळेत त्यासाठी फार हिंडावं लागत नाही. एक बॅरल फिक्या रंगांचा, एक गडद रंगांचा. प्लंजरही जोडीने करून घ्यायचा. भोक जरा मोठं झालं तर माल वरून उलटा येतो, म्हणून जुना प्लंजर नव्या बॅरलला चालेल असं गृहीत धरू नका. एकदाचा खर्च ब्रशपेक्षा कितीतरी जास्त आहे, पण माझ्या गडद बॅरलने गेल्या दोन दिवाळ्यांत माझ्या कित्येक संध्याकाळी वाचवल्या.

रंगांचा क्रम

यातलं काही न घेताही फरक पडतो तो क्रमाने. नॅचरल, पांढरा, पिवळा, भगवा, लाल, मग हिरवा किंवा निळा, शेवटी काळा. उलटं कधीच जायचं नाही. लाल आणि हिरवा समोरासमोर आले की मातकट रंग होतो, त्यांच्यामध्ये दोन भरण्या नॅचरलच्या हव्यात. आणि पांढऱ्यावरून पुन्हा पारदर्शक नॅचरलवर यायचं असेल तर ते काळ्यावरून येण्याइतकंच चिवट असतं. पांढऱ्यातलं टायटॅनियम डायऑक्साइड थोडं राहिलं तरी दुधाळपणा जात नाही.

बदलाच्या मधले शॉट फेकू नका. पिवळ्यातून भगव्यात जाताना निघालेले ज्वाळेसारखे मावळे आमच्या सोसायटीतली मुलं सगळ्यांत आधी उचलतात.

एक बंधन मात्र सगळ्या पद्धतींना लागू आहे. रंग बदलताना प्लास्टिकची जातही बदलणार असाल तर पीव्हीसी आणि अ‍ॅसिटल एकाच बॅरलमध्ये कधीही एकमेकांच्या मागे घालू नका. पीव्हीसी जास्त तापलं की हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटतो, अ‍ॅसिटलमधून फॉर्मल्डिहाइड, आणि दोघं एकत्र आले तर विघटन झपाट्याने होऊन दाब वाढतो. हौशी मशीनवर मी हे दोन्ही प्रकार वापरतच नाही.

आता निवड. मशीन घरात आहे आणि वर्षातून एकदाच किल्ल्याचं सामान काढता? रंगांचा क्रम पाळा आणि ब्लो ग्रेड दाणा ठेवा, बस. गाळा किंवा गॅरेज आहे, हात सावध आहे? नोझल उघडा, ब्रश मारा. ऑर्डर घेऊन काम करता आणि गिऱ्हाईक ऐनवेळी रंग सांगतं? दुसरा बॅरल. स्क्रूचं मशीन? कंपाउंड वाटून घ्या.

साफ करताना निघालेला माल गोळा होऊ देऊ नका. जाड लंप बाहेरून थंड दिसतो आणि आत बराच वेळ वितळलेला राहतो. ट्रेवर पातळ पसरवा, पाण्यात टाका, वाळवून कापून ठेवा. पीपीचा वेगळा, एबीएसचा वेगळा डबा करा. माझ्याकडे पीपीचा असा डबा दसऱ्यापर्यंत भरतो. मग शेवटच्या दिवशी, गडद बॅरलमध्ये, त्यात काळा मास्टरबॅच घालून मी त्याच्या तोफा काढतो.